टक्के नकोत, आवक बघा

‘खडकवासला ६५ टक्केच भरलं होतं, मग पाणी सोडलंच कशाला?’ हा पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्यावरच्या लेखातला सवाल टक्केवारीत अडकलाय. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या साखळीतलं हे शेवटचं आणि सगळ्यात लहान धरण, जेमतेम १.९७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). ११,५७४ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे वरून २५,००० क्युसेक आलं तर रिकामं खडकवासलाही दिवस संपायच्या आत काठोकाठ! म्हणून विसर्गाचा, म्हणजे पाणी सोडण्याचा, निर्णय घेणाऱ्या साहेबांपुढच्या टिपणीत दर तासाची आवक, पातळी आणि चालू विसर्ग लागतो, तोही वेळ टाकून. सकाळी सहाचा आकडा दुपारी चारला फिरवला की घोळ झालाच. आणि विसर्ग वाढवण्याआधी महापालिकेला फोन हवाच. नदीपात्रात लावलेल्या गाड्या काय, आपोआप हलतात?