विशेषांकासाठी निराश कसं व्हावं

आशा-निराशा विशेषांकाचं आवाहन तुमच्यापर्यंत पोचलं असेल, तर आधी अभिनंदन. शब्दमर्यादा दीड हजार, मजकूर युनिकोडमध्ये, मुदत महिनाअखेर. म्हणजे निराश व्हायला तुमच्या हातात साधारण तीन आठवडे आहेत. पुष्कळ झाले. पहिला आठवडा फोटोसाठी उदास दिसण्याच्या सरावात घालवा. लेख उशिरा गेला तर चालतो, फोटो त्यांना आधी लागतो.

बाजू निवडताना डोळे झाकून निराशेची निवडा. आशावादी माणसाला लोक भाबडा म्हणतात आणि निराश माणसाला विचारवंत. दोघांनी सकाळी वाचलेला पेपर एकच असतो. मात्र निखळ निराशा पाठवायची चूक करू नका. पाठवलीत तर संपादकांचा निरोप येतो : ‘लेख फार भिडला. शेवट जरा उजेडाकडे नेता आला तर पाहा ना.’ यासाठी भिंतीच्या फटीतून उगवलेलं रोप तयार ठेवावं. एका अंकात अशी पाच-सहा रोपं सहज निघतात. एवढ्या भेगा पडलेली भिंत उभी कशी राहते, हे विचारायचं नाही.

पँडोराची पेटी उघडावीच लागेल, तिला इलाज नाही. ग्रीक पुराणकथेतल्या पँडोरानं ती उघडली, सगळी संकटं जगात सुटली आणि आत फक्त आशा उरली, तीच ही. आता प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या मूळ काव्यात पेटी नाहीच, मोठा रांजण आहे. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानानं ती गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना रांजणाचा डबा केला आणि तेव्हापासून सगळं जग पेटी उघडतंय. तुम्हीही पेटीच लिहा. रांजण लिहिलात, तर मुद्रितशोधक त्याची पेटी करेल आणि वर तुमच्या अज्ञानाबद्दल हळहळेल. आशा पेटीच्या ‘तळाशी’ उरली, असंही बिनधास्त लिहा. हेसिअडकडे ती काठाच्या आत अडकलेली आहे, पण काठाला तळाइतकी खोली कुठून येणार? ती माणसासाठी राखून ठेवली होती की माणसापासून लपवून, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. संकटांनी भरलेल्या भांड्यात ती मुळात काय करत होती, हा प्रश्न तर त्याहून वाईट. तिकडे वळू नका. तो घेऊन बसलात तर शब्दमर्यादा तिथेच संपेल.

एक संस्कृत सुभाषित टाका. ‘आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला’ हे उत्तम. आशा ही अजब साखळी आहे. जे तिनं बांधलेले ते धावत सुटतात आणि जे सुटलेले ते पांगळ्यासारखे जागीच राहतात. कवीनं तिची स्तुती केलीय की टवाळी, हे आजतागायत मला कळलेलं नाही. म्हणूनच ते अंकाच्या दोन्ही विभागांत चालतं.

मुखपृष्ठाबद्दल कुणी विचारलंच, तर इंग्रज चित्रकार वॉट्सचं १८८६ सालचं चित्र सुचवा. गोलावर डोळे बांधून वाकून बसलेली एक बाई, हातातल्या वाद्याच्या सगळ्या तारा तुटलेल्या, एकच शाबूत. चित्राचं नाव ‘आशा’. इंग्रज लेखक चेस्टरटननं लिहून ठेवलंय की पहिल्यांदा बघणाऱ्याला याचं नाव ‘निराशा’ असावं असंच वाटेल. संपादक मंडळाचं एकमत झालं नाही, तर नुसता ‘निर्’ जोडायचा. चित्र बदलायची गरज नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. अशाच एका अंकाला मी सोळा ओळींची कविता दिली होती. चौदा ओळी मिट्ट अंधार आणि शेवटी, महिनाभर घासून काढलेल्या, या दोन :

खिडकी उघडी ठेव,
रात्र निघायच्या बेतात आहे.

प्रूफ आलं नाही, थेट अंक आला. माझी कविता ‘निराशा’ विभागात, चौदाव्या ओळीला संपलेली. खाली उरलेल्या जागेत, चांगलं दोन बोटं उंचीचं, एका दिव्याचं रेखाटन. फोन केला तर म्हणाले, ‘अहो, दिवा बसत नव्हता.’

मी रीतसर पत्र लिहायला बसलो होतो, तेवढ्यात वाचकांचे फोन सुरू झाले. शेवट न करता थांबलात, याला धाडस लागतं म्हणे. एका ज्येष्ठ समीक्षकांनी त्या ‘नाकारलेल्या दिलाशा’वर अख्खा परिच्छेद लिहिला. मी पत्र फाडलं आणि सगळ्यांना सांगितलं, की हो, त्या शेवटानं मला फार छळलं.

तेव्हा तुम्हीही शेवटच्या दोन ओळी अशाच लिहा, की गळल्या तरी बिघडू नये. आणि त्या फेकून देऊ नका. माझ्या दोन ओळी मी पुढच्या वर्षी दुसऱ्या एका अंकाच्या ‘आशा’ विभागाला पाठवल्या. अल्पाक्षरी कविता म्हणून चौकटीत छापून आल्या. मानधन दोन्हीकडे सारखंच मिळालं : एकेक लेखकप्रत.