मळी ओतून सळई वाचत नाही

मोहोळजवळ आमच्या दाजींच्या घराचं काम चालू आहे. परवा त्यांनी एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मिस्त्री तयार आहे, टाकू का?" मेसेज असा: अमेरिकेत बर्फाच्या रस्त्यांवर मिठात बिटाचा रस घालतात, म्हणून तिथल्या गाड्या गंजत नाहीत. आपली मळी (उसातून साखर काढून उरलेला काळा पाक) त्याहून भारी. सिमेंटच्या गोणीमागे तांब्याभर मळी आणि कडुनिंबाच्या पाल्याचा रस घाला, मग बोअरचं खारं पाणीही चालतं. रंगाच्या कंपन्या हे लपवतात.

अहो, त्या स्लॅबखाली लेकरं झोपणार आहेत!

अमेरिकेचं अर्धं खरं आहे. साखर काढून उरलेला बिटाचा रस तिथे वापरतात, पण मुख्यतः मीठ रस्त्याला धरून राहावं आणि कडक थंडीतही बर्फ वितळावा म्हणून. गंज थोडा कमी होतो, मान्य. पण गाड्या तिथे आजही गंजतात. आणि सोलापूरच्या रस्त्यावर मीठ टाकतं कोण?

खरा धोका मळीचा. तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असते आणि साखर सिमेंटला सेट होऊ देत नाही. 50 किलोच्या गोणीत 25 ग्रॅम साखर गेली तरी सेटिंग काही तास लांबतं. 100 ग्रॅमच्या पुढे तर काँक्रीट जवळपास घट्टच होत नाही. तांब्याभर मळीतून अर्धा किलो साखर जाते! रेडीमिक्सवाले सेटिंग लांबवणारी द्रव्यं वापरतात, पण ती मोजून आणि चाचणी घेऊन.

खाऱ्या पाण्याचंही तेच. सिमेंटच्या अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, गुणामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठातलाच एक घटक, नेमका तोच फोडतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून दाब येतो, कॉलमच्या कोपऱ्याला उभी चीर जाते आणि मग कव्हरचा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचा, तुकडाच सुटतो. म्हणून आयएस 456 हे भारतीय मानक सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालवून घेत नाही. साखरेसारख्या सेंद्रिय घन पदार्थांची मर्यादा तर 200 मिलिग्रॅमच आहे. तांब्याभर मळीने ती शंभर पटीहून जास्त ओलांडली जाते.

कडुनिंबाच्या अर्कावर प्रयोग झालेत, पण बरेचसे आम्लात बुडवलेल्या लोखंडावर. काँक्रीटच्या आत परिस्थिती नेमकी उलटी. रंगाच्या कंपन्यांचं म्हणाल, तर साध्या घराच्या काँक्रीटमधल्या सळईला सहसा कोणी रंग देतच नाही.

दाजी, बोअरचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्या. क्लोराइड 500 च्या वर निघालं तर गोड्या पाण्याचा टँकर मागवा. कॉलमला 40 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक बांधलेत का, ते स्वतः बघा. रिपोर्ट येईपर्यंत मिस्त्रीला कॉलम भरू देऊ नका.