बांधाच्या पायथ्याशी दिसलेल्या पाण्याविषयी: मालकाचे उत्तर

मा. महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपण सहकुटुंब पवन मावळातील आमच्या कृषी पर्यटन केंद्रावर आला होता. परतल्यावर आमच्या तळ्याला एक तारा देऊन आपण लिहिलेत की, लाइफ जॅकेटांची बकले तुटकी आहेत, बांधावर रान माजले आहे, बांध मागच्या अंगाने गळतो आहे, रखवालदार उर्मट आहे आणि ‘हे लोक दुसरे तिवरे (२०१९ मध्ये फुटलेले धरण) होण्याची वाट पाहत आहेत’. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. जॅकेटांबाबत आपले म्हणणे खरे आहे. तीन जॅकेटांची बकले तुटलेली होती आणि ती दुरुस्तीला द्यायची म्हणून वेगळी काढली होती, परंतु टांगलेली होती चांगल्या जॅकेटांच्याच खुंटीवर. पाहुण्यांनी त्यातून काय समजायचे? बांधावरची घाणेरीसुद्धा पावसाआधी मुळासकट काढायला हवी होती. माणसे भातलावणीला गेली आणि ते काम राहून गेले.

‘गळतो’ हा शब्द मात्र मला मान्य करता येत नाही आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला भाग आहे. मातीचा बांध आतून कधीच पूर्ण कोरडा नसतो. मधोमध चिकट मातीचा गाभा आणि दोन्ही अंगांना मुरूम असला तरी थोडे पाणी पाझरतेच. ते बांधाच्या अंगात मुरून राहू नये म्हणून मागच्या पायथ्याशी वाळू, खडी आणि दगड यांचे थर दिलेले असतात, त्यांतून निथळून ते चरात येते. आपल्या अभिप्रायासोबतच्या पहिल्या छायाचित्रात दिसतो तो हाच चर आहे. पाणी गढूळ येऊ लागले, एकाएकी वाढले किंवा पायथा सोडून उतारावर मध्येच ओल दिसली, तर घाबरावे. कारण गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. पावसाळ्यात रोज सकाळी सात वाजता मी चराच्या तोंडाशी १५ लिटरची बादली लावतो आणि ती किती वेळात भरते ते वहीत लिहून ठेवतो. आपण आलात त्या दिवशी ती १ मिनिट ५० सेकंदांत भरली होती. गेल्या वर्षी तळे याच पातळीला असताना १ मिनिट ४५ सेकंद लागले होते. त्याच पाण्याने भरलेली एक काचेची बरणी कार्यालयाच्या खिडकीत रात्रभर ठेवलेली असते. सोमवारी सकाळी तिच्या तळाशी बोटाला लागेल एवढाही गाळ नव्हता. आपण विचारले असते तर वही आणि बरणी दोन्ही आपल्यासमोर ठेवली असती.

आपण कायद्याचाही उल्लेख केला आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींसह १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. आमचा बांध पायाच्या तळापासून मोजला तरी ९ मीटर भरत नाही. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची जी तपासणी तो कायदा सांगतो, ती आमच्यावर बंधनकारक नाही. बांधावर फिरून तो पाहण्याचे काम मलाच करावे लागते, हे मी लपवत नाही.

तिवऱ्याचे नाव आपण सहज लिहून गेलात, म्हणून सांगतो. चिपळूण तालुक्यातील ते धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. खेकड्यांनी धरण पोखरले, असे तेव्हा मंत्र्यांनी सांगितले आणि त्याची राज्यभर थट्टा झाली. तिथे काय घडले यावर बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु ज्याच्या पदरी मातीचा बांध आहे तो खेकड्याच्या बिळावर हसत नाही. माझ्या वडिलांनी स्वतःच्या भातखाचरांतली चिकट माती काढून, थरावर थर दाबून हा बांध घातला आणि त्याच्या खाली पहिले घर आमचेच आहे. माझी आई त्या घरात झोपते.

आता रखवालदारांविषयी. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. होड्या पाच वाजता बंद होतात, तसा फलक फाटकावर आहे (गंजला आहे हे खरे, पण वाचता येतो). आपण तळ्यावर आलात तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. त्यानंतर आपल्यापैकी काही जण सांडव्यात, म्हणजे तळ्याचे जादा पाणी वाहून जाते त्या वाटेत, उतरले. आपल्याच तिसऱ्या छायाचित्रात मुले शेवाळलेल्या दगडावर उभी आहेत आणि आम्ही बांधलेली दोरी त्यांच्या पाठीमागे दिसते आहे. पाणी घोट्याएवढेच होते, हे मान्य. परंतु वर डोंगरात सर आली की सांडव्याचे पाणी बघता बघता गुडघ्यावर येते. लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले, तेव्हा धरणाला काहीही झालेले नव्हते, फक्त पाणी अचानक वाढले होते. मामा त्या दिवशी शिटी वाजवत धावले आणि ‘पोरं आधी वर घ्या’ असे ओरडले. त्यांचा आवाज चढला असेल. त्याबद्दल क्षमा मागायला मी त्यांना सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही.

आपला अभिप्राय आल्यापासून शाळांच्या दोन सहली रद्द झाल्या आहेत. आमचे वर्षाचे उत्पन्न पावसाळ्याच्या तीन महिन्यांवर चालते, म्हणून हे उत्तर एवढे मोठे झाले. पाण्याच्या बाजूचे जे दगड सरकलेले आपल्याला दिसले, ते पाणी उतरल्यावरच नीट बसवता येतील. झुडपे आणि फलक यांबाबत लवकरच योग्य ती व्यवस्था करू. नव्या जॅकेटांची मागणी काल नोंदवली आहे.

आपला नम्र,
केंद्रमालक