मेलेल्या माणसाशी गप्पा

फेसबुकने आज सकाळी सकाळी जुना फोटो वर काढला. जुलै 2021, फिलाडेल्फिया, बार्न्स फाउंडेशन या चित्रसंग्रहालयाच्या दारात मास्क लावून उभ्या मी आणि माझी मैत्रीण. तेव्हा घरी येऊन चार ओळी खरडल्या होत्या, त्या ड्राफ्टमध्येच पडून राहिल्या. आज लिहूनच टाकते, कारण तिथल्या प्रदर्शनाच्या नावावरचा माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

प्रदर्शनाचं नाव 'सूतिन / डी कूनिंग: कॉन्व्हर्सेशन्स इन पेंट'. दोघेही चित्रकार, दोघांचं घराणं एक्स्प्रेशनिस्ट (जसं दिसतं त्यापेक्षा आतून जसं वाटतं तसं रंगवणारं), पण स्वभाव दोन टोकांचे. शाईम सूतिन 1893 चा, मिन्स्कजवळच्या एका गरीब ज्यू गावातला, विशीत पॅरिसला आला. विलेम डी कूनिंग रॉटरडॅमचा, 1904 चा; 1926 मध्ये जहाजात लपून अमेरिकेत उतरला आणि सुरुवातीला न्यूयॉर्कजवळच्या होबोकनमध्ये घरं रंगवायची कामं केली. (होबोकन आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिथल्या एखाद्या जुन्या भिंतीवर सात थरांखाली डी कूनिंगचा हात असेल, या विचाराने मला अजून गंमत वाटते.) सूतिनला समोर वस्तू लागायचीच. झाड, माणूस, मेलेली कोंबडी, काहीतरी डोळ्यांसमोर हवं, आणि मग तो त्यावर झडप घालायचा. डी कूनिंग उलटा. रंग लावायचा, खरवडायचा, परत लावायचा. 'वुमन वन' या एका चित्राशी तो 1950 ते 52 अशी दोन वर्षं झुंजत होता.

माझा राग त्या 'कॉन्व्हर्सेशन' शब्दावर. हे दोघं कधी भेटलेच नाहीत. सूतिन 1943 च्या ऑगस्टमध्ये गेला. नाझींपासून लपतछपत राहत होता, पोटातला अल्सर फुटला, पॅरिसला आणून ऑपरेशन केलं तोवर उशीर झाला होता. न्यूयॉर्कच्या मोमामध्ये (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) त्याचं मोठं प्रदर्शन भरलं ते 1950 मध्ये. डी कूनिंगने ते पाहिलं, आणि 1952 मध्ये बार्न्सच्या संग्रहातले सूतिन बघायलाही तो बायकोबरोबर गेला. मग गप्पा कुठे झाल्या? जुगलबंदी म्हणजे दोघं एका बैठकीवर बसतात, एकाची जागा ऐकून दुसरा उत्तर देतो. इथे एकजण सात वर्षांपूर्वी गेलेला आणि दुसरा त्याची रेकॉर्ड ऐकतोय. ऐकणाऱ्याचा कान तयार होता, हे कबूल. पण रेकॉर्डला उत्तर ऐकू जात नाही.

आता कुणी म्हणेल, शब्दाचा एवढा कीस कशाला? कारण त्या शब्दामुळे चित्रं बघायची दिशा ठरते. एका बाजूला सूतिनने रंगवलेलं सेरे, दक्षिण फ्रान्समधलं गाव, घरं भूकंपात सापडल्यासारखी कलंडलेली. शेजारी डी कूनिंगचे मोठे मोठे कॅनव्हास. डोळा आपसूक डावीकडून उजवीकडे जातो आणि मनात वाक्य तयार होतं: अच्छा, याचं पुढे ते झालं. म्हणजे सूतिन झाला उंबरठा आणि डी कूनिंग झालं घर. युद्धानंतरच्या अमेरिकन समीक्षकांनी हेच केलं. त्यांच्या नव्या अमूर्त चित्रकलेला, म्हणजे ओळखीच्या वस्तू सोडून नुसत्या रंग-आकारांच्या चित्रकलेला, एक आजोबा हवा होता, तो त्यांनी सूतिनमध्ये शोधला. त्या बिचाऱ्याला अमूर्ताकडे जायचंच नव्हतं. तो पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये जाऊन जुन्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या चित्रांसमोर उभा राहायचा. आणि सेरेची हीच चित्रं, ज्यांच्यावर सगळे फिदा, ती त्याला स्वतःला नंतर इतकी नकोशी झाली की हाताला लागतील ती मिळवून तो फाडून टाकायचा.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. गोव्यातल्या साळगावचा चित्रकार सूझा घ्या. 1945 मध्ये जे. जे. मधून काढलं, 1949 मध्ये लंडन गाठलं, येशू, बायका, बिशप, सगळ्यांना काळ्या जाड रेषेत ठोकून बसवलं. त्याच्याबद्दल बोलायचं काय? तर पिकासोशी तुलना. उंबरठा तरी बरा, इथे तर थेट पोटभाडेकरू.

असो. खरं सांगायचं ते मांसाबद्दल.

1925 च्या सुमाराला सूतिनने स्टुडिओत सोललेला अख्खा बैल टांगला होता. दिवस गेले तसा तो काळा पडायला लागला, तेव्हा रंग ताजा दिसावा म्हणून त्यावर रक्त ओतायचा. शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली, आरोग्य खात्याची माणसं आली. ही गोष्ट सगळे चवीने सांगतात आणि शेवटी म्हणतात, केवढी हिंसा! मैत्रीणही तेच म्हणाली. मला मात्र त्यात हिंसा दिसेना, रविवार दिसायला लागला. कोल्हापुरात आबांबरोबर पिशवी घेऊन मटणाला जायचे मी. आकड्याला बकरं टांगलेलं, पांढऱ्या चरबीवर नगरपालिकेचा जांभळा शिक्का. आबा बोट दाखवून "फऱ्याचं दे, चाप नको" म्हणेपर्यंत मी बघत बसायचे. मांस लाल असतं असं ज्यांनी ते लांबून पाहिलंय त्यांना वाटतं. जवळून त्यात निळसर पापुद्रा असतो, मोत्यासारखी झाक असते, चरबीत लोण्याचा पिवळा असतो. सूतिनने ते सगळे रंग मोजून घेतलेत. त्यात अल्सरमुळे त्याला स्वतःला मांस पचत नव्हतं. जे खाता येत नाही ते असं रंगवणाऱ्या माणसाला 'हिंसक' म्हणणं मला तरी जमत नाही.

डी कूनिंगवर अन्याय नको. त्याच्या 'वुमन' चित्रांतल्या त्या दातवाल्या बायका मला कधीच आवडल्या नव्हत्या, अजूनही प्रेम नाही. पण सूतिनच्या शेजारी बघताना पहिल्यांदा कळलं की त्या बाईला चेहरा नंतर आलाय, आधी रंग आलाय, ओला, जड, कातडीसारखा ताणलेला. एवढं श्रेय प्रदर्शनाला द्यायलाच हवं.

बाहेर पडून आम्ही बार्न्सच्या कायमच्या दालनांत गेलो. हा अल्बर्ट बार्न्स औषधाच्या धंद्यात गडगंज झालेला माणूस. 1922-23 च्या हिवाळ्यात त्याने सूतिनची पन्नासच्या वर चित्रं एकगठ्ठा उचलली आणि उपाशी चित्रकार रातोरात पैसेवाला झाला. बार्न्सलाही जोड्या लावायचं वेड होतं, पण त्याची तऱ्हा वेगळी. रेन्वार या चित्रकाराच्या चित्राशेजारी लोखंडी बिजागरी, कुलपाची पट्टी, कडी, आणि भिंतीवर समजावणारा एक शब्द नाही. बिजागरी कुणाची आजोबा नसते. बघा आणि तुमचं तुम्ही जुळवा. तिथेच सूतिनचा सोललेला ससा आहे, पाय फाकवून आडवा पडलेला. त्याच्यासमोर मी वीस मिनिटं उभी होते, मैत्रीण कॉफीला निघून गेली.

रात्री बार्न्सच्या साइटवरून त्या सशाचं चित्र आबांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. कोविडमुळे दोन वर्षं भेट नव्हती. कोण चित्रकार, कुठलं म्युझियम, काही लिहिलं नाही. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "किलो-सव्वा किलो भरेल. उपाशी होता वाटतं."