एक दिवसाचा पास म्हणजे नक्की किती तासांचा हो?

मला आज भांडायचंय. कोणाशी ते विचारू नका, कारण ज्याच्याशी भांडायचंय ते एक मशीन आहे आणि ते आता पार लांब राहिलंय. चार दिवस एका मोठ्या शहरात फिरून आलो, मी, नवरा आणि आई. जायच्या आधी महिनाभर घरात एकच विषय, तिकडे टॅक्सी नाही म्हणजे नाही, टॅक्सीने खिसा रिकामा होतो, सगळं बस नि मेट्रोने करायचं. नवऱ्याने तर एक्सेल शीट केली होती. रंगीत. शहराचं नाव मुद्दाम घेत नाहीये, नाव घेतलं की तिकडे राहणारा कोणाचा तरी चुलतभाऊ उगवतो आणि सांगतो की छे हो, आमच्याकडे असं होतच नाही, तुम्हालाच कळलं नसेल. हो, नाहीच कळलं! तेच तर सांगतेय!

तर झालं असं की आम्ही पोचलो संध्याकाळी सातला. स्टेशनावर तिकिटाचं मशीन, त्यावर ठळक बटण, एक दिवसाचा पास. शीटमध्ये हेच लिहिलं होतं, दिवसाला चारपेक्षा जास्त फेऱ्या असतील तर पास स्वस्त. तिघांचे तीन काढले आणि सामान घेऊन हॉटेलवर गेलो, एक फेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी नटूनथटून निघालो, पुढे आई. तिने पास लावला, टूंऽ, लाल फुली. परत लावला, उलटा लावला, मग रुमालाने पुसून लावला, टूंऽ. मागे ऑफिसला निघालेल्या लोकांची रांग, कोणी काही बोलत नाही पण तो जो सुस्कारा टाकतात ना, तो कुठल्याही भाषेत कळतो. शेवटी खिडकीतल्या माणसाकडे गेलो, त्याने पास हातातसुद्धा न घेता सांगितलं, काल रात्री बाराला संपला. मी म्हटलं अहो एक दिवसाचा आहे. तो म्हणाला, हो, कालचा दिवस. पाठीमागे लिहिलंय.

लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. म्हणजे पाच तासांसाठी आणि एका फेरीसाठी आम्ही तीन अख्खे पास फाडले, आणि ते मशीन संध्याकाळी सातला एवढंसुद्धा विचारू शकत नाही की बाई, दिवस संपत आलाय, नक्की घ्यायचाय ना? ते बाकी सगळं विचारतं. पावती हवी का, भाषा बदलायची का, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती स्टार!

परत आल्यावर मी चिडून वाचत बसले तर कळलं की ही 'दिवस' नावाची भानगड सगळीकडेच आपापल्या मर्जीने चालते. लंडनमध्ये एका दिवसात जास्तीत जास्त किती पैसे कापायचे याला मर्यादा आहे, चांगली गोष्ट आहे, पण तिथला दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. आठवड्याची मर्यादासुद्धा आहे, पण आठवडा सोमवार ते रविवार. पॅरिसचा आठवड्याचा पास पण तसाच, सोमवार ते रविवार, म्हणजे गुरुवारी पोचलेल्या माणसाने हौसेने घेतला तर चार दिवस वापरायचा आणि पैसे सातचे भरायचे. टोकियोत पाहुण्यांसाठी २४, ४८ आणि ७२ तासांचं भुयारी रेल्वेचं तिकीट मिळतं, ते पहिल्यांदा गेटमध्ये घातल्यापासून तास मोजतं, हे वाचून मला भरून आलं, कुणीतरी घड्याळ बघणारा माणूस बसलाय तिथे. पण थांबा, ते तिकीट जेआर नावाच्या वेगळ्या रेल्वे कंपनीच्या गाड्यांना चालत नाही. स्टेशनाचं नाव एकच असतं, एका कंपनीच्या गेटमध्ये चालतं, दुसऱ्या कंपनीच्या गेटमध्ये टूंऽ.

बरं मग नवरा म्हणाला पास नको, सरळ बँकेचं कार्ड टॅप करू, सिस्टीम आपोआप स्वस्तात स्वस्त काय ते लावते. लावते की! फक्त आत जाताना आणि बाहेर येताना तेच कार्ड टॅप केलं तर. यांनी जाताना कार्ड लावलं, उतरताना कार्ड पाकिटात, पाकीट बॅगेत, बॅग आईच्या खांद्यावर, म्हणून ऐटीत मोबाईल लावला, त्यात तेच कार्ड आहे ना. आता माणसाच्या दृष्टीने ते एक कार्ड, सिस्टीमच्या दृष्टीने दोन वेगळे प्रवासी, एक जो आत शिरला आणि कधी बाहेरच आला नाही, आणि दुसरा जो आत न जाताच बाहेर आला. दोघांचं भाडं सगळ्यात मोठं कापलं. सहा मिनिटांच्या प्रवासाला! हे रात्री बँकेचा मेसेज आल्यावर कळलं, तर हा माणूस काय म्हणतो, "अगं, पण लॉजिक बरोबर आहे त्यांचं." मी त्या क्षणी काही बोलले नाही, चार दिवसांची ट्रिप होती आणि तो दुसराच दिवस होता.

झोनचं, म्हणजे भाडं ठरवायला शहराचे जे भाग पाडतात त्यांचं, तर बोलूच नका. हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून शहराच्या कडेला घेतलं, त्याचा आनंद आठ दिवस टिकला. तिथे गेल्यावर कळलं की ते स्टेशन एका रेघेच्या पलीकडे आहे. एक स्टेशन अलीकडे असतं तर आतल्या झोनचं भाडं, आमचं पलीकडे, म्हणजे रोज जाताना येताना तिघांचं वाढीव भाडं, आणि त्या अलीकडच्या स्टेशनावर उतरून चालत जावं तर मध्ये हायवे. हॉटेल बुक करताना खोलीचा फोटो दाखवतात, बाथरूमचा दाखवतात, टॉवेलचा हंस करून ठेवलेला दाखवतात, स्टेशन कुठल्या झोनमध्ये आहे ते कुठे लिहीत नाहीत. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

आणि विमानतळ! विमानतळावरून ट्रेन सुटते म्हणून आपण खूश, पण कितीतरी ठिकाणी त्या एका स्टेशनाचं भाडं वेगळंच असतं, पास असला तरी. सिडनीत विमानतळाच्या स्टेशनांवर वेगळी फी लागते, म्हणून माहितगार लोक बसने जवळच्या मॅस्कट स्टेशनाला जातात आणि तिथून ट्रेन पकडतात. बार्सिलोनाचं दहा फेऱ्यांचं तिकीट विमानतळाच्या मेट्रो स्टेशनला चालतच नाही. आता पहिल्यांदा आलेला माणूस, दोन बॅगा, पाय सुजलेले, त्याला हे कसं माहीत असणार? आणि तोच तर सगळ्यात जास्त विमानतळावरून येतो ना! तिथे राहणाऱ्याला सगळं ठाऊक, त्याला सवलत, ज्याला काही ठाऊक नाही त्याच्याकडून जास्तीचे, ही कुठली रीत?

मेलबर्नची गंमत तर ऐका. तिथे मध्य शहरात ट्राम फुकट आहे, २०१५ पासून. आपण सरळमार्गी माणसं, ट्राममध्ये चढलो की कार्ड लावणार. फुकट पट्ट्यात फिरताना कार्ड लावलं तर पैसे कापले जाऊ शकतात! म्हणजे प्रामाणिकपणाचे पैसे! आणि तिकडे लक्झेंबर्गने २०२० मध्ये अख्ख्या देशातली बस, ट्राम, ट्रेन फुकट करून टाकली, फक्त ट्रेनच्या पहिल्या वर्गाला तिकीट ठेवलं. कार्ड नाही, झोन नाही, टूं नाही. मी नवऱ्याला म्हटलं पुढच्या वेळी तिकडे जाऊ. तो म्हणाला तिकडे हॉटेलं महाग आहेत. शीट उघडलीच लगेच.

मग येतात सल्ले देणारे. "चालत फिरा ना, शहर चालतच बघायचं असतं." बरोबर आहे, पण माझ्या आईचे गुडघे तुम्ही घेऊन फिरा मग. अर्थात एकदा चालायला हवं होतं तेव्हा आम्ही चाललो नाही हेही खरं. एका चौकातून बाजाराला जायचं होतं, नकाशावर चांगली दोन बोटं अंतर, मध्ये गाडी बदलायची. खाली उतरलो, जिने, भुयार, सरकता जिना बंद, गाडी बदलली, परत जिने, वीसेक मिनिटांनी वर आलो आणि आई म्हणाली, "अगं, हे मघाचंच घड्याळ ना?" मागे वळून बघते तर ज्या मनोऱ्याखालून आत शिरलो होतो तोच मनोरा, रस्त्याच्या पलीकडे. मेट्रोचा नकाशा हा नकाशा नसतोच हो, ते चित्र असतं. लंडनच्या हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये तिथल्या मेट्रोचा नकाशा विजेच्या सर्किटसारखा सरळ रेघांचा काढला, १९३३ पासून लोकांच्या हातात आला, आणि त्यानंतर जगभर कितीतरी शहरांनी तीच पद्धत उचलली. कुठे बदलायचं ते त्यात झटकन कळतं, किती लांब आहे ते अजिबात कळत नाही. लंडनचीच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही शेजारशेजारची स्टेशनं, मध्ये तीनशे मीटरसुद्धा नाही, वर रस्त्याने चाला तर गोष्ट संपायच्या आत पोचाल. आम्हीही तसेच, तीन तिकिटं काढून रस्ता ओलांडला.

दुसरा सल्ला, "अ‍ॅप घ्या ना, अ‍ॅपवर स्वस्त मिळतं." घेतलं. स्टेशनाच्या दारात उभं राहून, हॉटेलचं वायफाय मागे राहिलेलं. नाव, ईमेल, पासवर्ड ज्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह, आणि मग मोबाईल नंबर, फक्त तिथलाच नंबर चालेल, त्यावर ओटीपी येईल. पाहुण्यांसाठी खास सवलत असलेल्या अ‍ॅपला तिथला नंबर हवा! हे ज्याने बनवलं त्याच्या घरी कधी पाहुणे आलेच नसतील.

शेवटच्या रात्री काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. नवऱ्याने शेवटची गाडी किती वाजता ते बघितलं होतं, पण ते आठवड्यातल्या दिवसांचं, आणि तो होता रविवार. स्टेशनाचं शटर अर्धं खाली, पाऊस, आईने डोक्यावर नकाशाच धरलेला (तेवढाच काय तो त्याचा उपयोग झाला). कॅबचं अ‍ॅप उघडलं तर मागणी जास्त म्हणून भाडं अडीच पट, आणि मी बघत असताना पावणेतीन पट झालं. नवरा म्हणतो पाच मिनिटं थांबू, कमी होईल. आई त्याला म्हणाली, "अहो, बसा आता." जावयाला ती कधी असं बोलत नाही.

त्या एका कॅबमध्ये चार दिवसांची सगळी बचत गेली, वर थोडं जास्तच. शीटमध्ये त्याने तो आकडा 'इतर' मध्ये टाकलाय म्हणून तळाशी अजूनही हिरवी बेरीज दिसते, आणि ती तो मित्रांना दाखवतो.

हो, आणि कार्डं. पास संपल्यावर आईसाठी आणि माझ्यासाठी रिचार्जची कार्डं घेतली होती, त्यांचं डिपॉझिट वेगळं, ते निघताना परत मिळतं म्हणे. मिळतं की, ऑफिस सकाळी नऊला उघडल्यावर. आमचं विमान सातला. तेव्हा दोन कार्डं टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडलीत, एकात दोन फेऱ्यांचे पैसे आहेत, दुसऱ्यात एक फेरी होऊन उरतील असे थोडे, पण त्या रेघेच्या अलीकडे उतरलात तरच. कोणी तिकडे चाललं असेल तर घेऊन जा. शहराचं नाव तेव्हा सांगते.