पारदर्शक कागदाची थाप

लेअर म्हणजे काय हे शिकवणारा प्रत्येक माणूस एकाच वाक्यानं सुरुवात करतो. "समजा, तुमच्याकडे पारदर्शक कागद आहेत आणि ते तुम्ही एकावर एक ठेवलेत..." ऐकणारा मान डोलावतो. यात न कळण्यासारखं आहेच काय? वरचं खालच्याला झाकतं, संपलं. या एका वाक्याच्या भरवशावर भोळीभाबडी माणसं मोशन ग्राफिक्सच्या, म्हणजे संगणकावर चित्रं-अक्षरं हलती करण्याच्या, वाटेला जातात. माझं म्हणणं एवढंच की हे वाक्य उच्चारण्यापूर्वी शिक्षकाकडून पुढच्या परिणामांची लेखी जबाबदारी घ्यावी.

कागदाची गोष्ट अगदीच हवेतली नाही, हे खरं. अर्ल हर्ड या अमेरिकन ॲनिमेटरला 1915 मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळालं. मागचं दृश्य एकदाच काढायचं आणि हलणारं पात्र तेवढं सेलुलॉइडच्या पारदर्शक तावावर काढायचं. पण त्या तावांना एक सभ्यपणा होता. ते शंभर टक्के पारदर्शक नसत. त्यामुळे चार-पाच ताव रचले की खालचे रंग मळकट दिसू लागत. म्हणजे तावच सांगायचा, बाबा रे, आता पुरे! सॉफ्टवेअर असं कधी म्हणत नाही. दोनशेवा लेअरही ते बिनतक्रार घेतं, त्याला 'व्हाइट सॉलिड 47' असं बारशाविना नाव ठेवतं आणि पुढच्याची वाट बघत बसतं.

थाप पहिल्यांदा उघडी पडते ती ओपॅसिटीत, म्हणजे लेअर किती अपारदर्शक ते सांगणाऱ्या टक्क्यात. एक चित्र विरत जावं आणि दुसरं उमटत यावं, एवढीच माफक इच्छा. वरच्या लेअरची ओपॅसिटी 100 वरून 0 वर, त्याच वेळी खालच्याची 0 वरून 100 वर. मधोमध दोघं 50 वर. पन्नास आणि पन्नास शंभर, हे आपल्याला प्राथमिक शाळेपासून पाठ. प्रत्यक्षात मध्यावर पडदा झाकोळतो आणि काम देणारा विचारतो, "इथे मध्येच दिवे गेल्यासारखं का वाटतंय हो?"

कारण लेअरच्या राज्यात बेरीज चालत नाही. वरच्यानं अर्धी जागा अडवली. उरलेल्या अर्ध्यातली अर्धी खालच्याला मिळाली, म्हणजे 25. एकूण 75. राहिलेल्या पंचवीस टक्क्यांतून मागचा काळा रंग डोकावतो. हे गणित काही गुपित नाही. टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 मध्येच चित्रावर चित्र ठेवण्याचं अख्खं बीजगणित मांडून ठेवलंय. उपायही चिडचिड व्हावी इतका सोपा आहे: खालचा शंभरवरच ठेवायचा, फक्त वरच्याला विरू द्यायचं. (खालचं चित्र वरच्याहून मोठं असेल तर ते कडेनं आधीच दिसतं. पण ते रडगाणं आज नको.)

सावलीची तऱ्हा तर त्याहून न्यारी. लोगोला ड्रॉप शॅडो दिली, सावली खाली उजवीकडे पडली, छान दिसली. मग लोगो फिरवला. सावलीही फिरली! लोगो उलटा झाला तेव्हा सावली त्याच्या डोक्यावर, वर डावीकडे. म्हणजे सूर्य लोगोभोवती प्रदक्षिणा घालत होता आणि कोपर्निकसचे कष्ट पाण्यात गेले होते. कागदावर असं होत नाही. पण आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेअरच्या पोटात कामांची रांग ठरलेली असते: आधी मास्क (नको तो भाग झाकणं), मग इफेक्ट, त्यानंतर ट्रान्सफॉर्म (सरकणं, फिरणं, लहानमोठं होणं). सावली हा इफेक्ट, फिरणं हे ट्रान्सफॉर्म. सावली आधी चिकटली आणि मग चिकटलेल्या सावलीसकट सगळं फिरलं. सूर्याला जागेवर बसवायचं तर लोगो फिरवून प्रीकॉम्पमध्ये, म्हणजे लेअर गुंडाळून ठेवायच्या वेगळ्या डब्यात, कोंडायचा आणि सावली बाहेरून द्यायची. नाहीतर लेअर स्टाइल नावाच्या वेगळ्या यादीतली सावली वापरायची, ती फिरणं उरकल्यावर लागते. इथवर आलं की माणसाच्या ध्यानात येतं, आपण कागद रचतच नव्हतो. आपण हुकूम देत होतो, आणि तेही भलत्या क्रमानं.

पॅरेंटिंगमध्ये, म्हणजे एक लेअर दुसऱ्याला बांधण्यात, तर सॉफ्टवेअर स्वतःच नातीगोती काढून बसतं. मूल लेअर आईबापाकडून जागा घेतं, आकार घेतं, फिरणं घेतं. ओपॅसिटी मात्र घेत नाही. बाप हळूहळू विरून अंतर्धान पावतो आणि पोरं पडद्यावर जिथल्या तिथे लख्ख उभी! या घराण्याचा कर्ता असतो नल नावाचा रिकामा लेअर. त्याला रूप नाही, रंग नाही, रेंडरमध्ये, म्हणजे तयार होऊन बाहेर पडणाऱ्या चित्रात, तो उमटत नाही, पण तो सरकला की सगळं खानदान सरकतं. अशा हुद्द्यावरची माणसं मी पाहिली आहेत. ती निदान मीटिंगमध्ये तरी दिसतात.

आणि दुसऱ्या कुणी अर्धवट सोडलेला प्रोजेक्ट हाती आला, तर देवच वाली. एकदा असाच एक आला. सगळी अक्षरं किंचित धूसर. मी एकेका लेअरला सोलो करून, म्हणजे एकांतात बोलावून, चौकशी केली. प्रत्येक जण स्वच्छ, निर्दोष. सगळे एकत्र आले की पुन्हा धूसर. कारस्थान होतं एका ॲडजस्टमेंट लेअरचं. हा स्वतः रिकामा असतो, पण त्याच्यावर टाकलेला ब्लर खालच्या सगळ्यांना भोगावा लागतो, आणि दुसऱ्याला सोलो केलं की हा आपोआप बाजूला होतो. शिवाय त्याला कुणीतरी 'शाय' करून ठेवलं होतं. शाय लेअर टाइमलाइनच्या यादीतून लपतो, पण पडद्यावर आपलं काम चालूच ठेवतो. त्या बटणावर भिंतीआडून डोकावणारं छोटं नाकाड तोंड असतं. ते माझ्याकडेच बघत होतं, अशी माझी खात्री आहे.

माझा एक मित्र न्यूक या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. तिथे लेअरची उतरंड नसते. प्रत्येक क्रियेचा एक नोड आणि नोड तारांनी जोडलेले. कोणाआधी कोण, हे डोळ्यांना दिसतं. "तू अजून कागदच रचतोयस का रे?" असं तो मला इतक्या कणवेनं विचारायचा की शेवटी मी त्याचं काम बघायला गेलोच. स्क्रीनभर तारा. एकीवरून दुसरी, दुसरीखालून तिसरी. तो एका तारेवर बोट ठेवून डोळे बारीक करून बसला होता. मला पाहिल्यावर त्यानं बोट न उचलता खुर्ची सरकवून दिली आणि म्हणाला, "बरा आलास. ही कुठे जातेय बघ ना जरा."