रुग्ण घटले की मोजणारे?

मागच्या मंगळवारी दुपारी काय खाल्लं होतं, आठवतंय? मला तरी नाही आठवत. आता अन्नातून पसरणाऱ्या लिस्टेरिया या जिवाणूची लागण झालेल्या माणसाचा विचार करा. तो पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत कधीकधी दोन महिनेही जातात. अशा माणसाला, तो बोलायच्या अवस्थेत नसेल तर त्याच्या घरच्यांना, फोन करून महिन्याभराचं खाणं आठवायला लावणं हे आरोग्य खात्यातल्या कुणाचं तरी काम असतं. ते पद रिक्त असेल तर फोन जातच नाही.

अन्नविषबाधा म्हटलं की एकत्र जेवलेल्या शंभर जणांना एकदम उलट्या, हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. ते प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. अवघड असतं ते असं, की एकाच कारखान्याचा माल वीस शहरांत जातो आणि प्रत्येक ठिकाणी दोघं-तिघंच आजारी पडतात. प्रयोगशाळेत जिवाणूंची जनुकीय ओळख ताडून पाहिली तर यांना एकाच जिवाणूने गाठलंय एवढं कळतं. पण तो कशातून आला, हे विचारायला माणूसच लागतो.

2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची साथ आली. 3,800 च्या वर लोक आजारी पडले, 50 हून अधिक दगावले. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला. खरा दोषी निघाला मोड आलेलं धान्य. बहुतेक रुग्णांना ते खाल्ल्याचं आठवतच नव्हतं, कारण ते ताटात सजावटीपुरतं होतं! मग तपास करणाऱ्यांनी रुग्णांच्या आठवणीचा नाद सोडला. रेस्टॉरंटमध्ये कोणी काय मागवलं ते पाहिलं आणि त्या पदार्थात काय काय घालता ते थेट स्वयंपाक्यांना विचारलं. तिथे धागा सापडला. पुढे तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत गेला.

ही युक्ती कुठल्याही यंत्रात नसते. यंत्र विकत घेता येतं, फीत कापून फोटोही काढता येतो. दहा साथी हाताळलेला माणूस मात्र साथ आल्यावर जाहिरात देऊन मिळत नाही. आणि साथ नसताना त्याचा पगार हिशेब बघणाऱ्याला फुकट वाटतो. (अग्निशमन दलाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, हे नशीबच.)

2025 च्या जुलैत अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने फूडनेट या अन्नातून होणाऱ्या आजारांच्या निगराणी यंत्रणेत सक्तीने नोंदवायचे जंतू 8 वरून 2 वर आणले. साल्मोनेला आणि शिगा विष तयार करणारा ई. कोलाय एवढेच राहिले, लिस्टेरिया वगळला. बाकीच्यांवर इतर यंत्रणांची नजर आहे, असा खुलासा आहे. असेलही. पण ज्या देशाकडे पैसा आणि प्रयोगशाळा दोन्ही आहेत तिथे ही गत.

म्हणून ‘यंदा अन्नविषबाधेचे रुग्ण घटले’ अशी बातमी दिसली की मी आधी त्या खात्यात किती पदं भरलेली आहेत ते शोधतो. बऱ्याचदा तो आकडा बातमीत नसतोच.